सहभागितेची तयारी: आधी एसटीचे वेळापत्रक

अहिल्यानगरच्या महाविद्यालयांत नेवासे, शेवगाव, पाथर्डीकडच्या गावांतून रोज ये-जा करणाऱ्या ख्रिस्ती विद्यार्थ्यांसाठी सहभागिता, म्हणजे प्रार्थनेची आणि वचनाची नियमित बैठक, सुरू करायची असेल, तर सर्वप्रथम शेवटच्या गाड्यांच्या वेळा लिहून घ्याव्यात. गेल्या वर्षी मी वक्ता, गीते, पेटी, सगळे जमवले आणि एवढे एकच विसरलो. साडेचारला सुरू झालेली बैठक साक्षी, म्हणजे आपापल्या विश्वासाचे अनुभव सांगणे, लांबल्यामुळे सहानंतर संपली आणि तीन मुली माळीवाडा स्थानकावर पोहोचल्या, तेव्हा त्यांच्या गावची मुक्कामी गाडी सुटलेली होती. रात्री एकीचे वडील मोटारसायकलवरून तिला न्यायला आले. ते मला एक शब्दही बोलले नाहीत, पण ती मुलगी पुन्हा कधी बैठकीला आली नाही.

वेळा फलकावरून उतरवू नयेत, चौकशी खिडकीवर विचाराव्यात, आणि गाडी माळीवाड्याहून सुटते की तारकपूरहून, हेही त्याच कागदावर लिहावे. सवलतीचा पास ठरलेल्या मार्गाच्या एसटीतच चालतो. वडापला, म्हणजे प्रवासी भरून नेणाऱ्या खासगी गाडीला, रोख पैसे मोजावे लागतात आणि ते या मुलांच्या खिशात असतीलच असे नाही.

प्राचार्यांची लेखी परवानगी घ्यावी, हे सांगायला नको. बैठक मधल्या सुट्टीत, पस्तीस मिनिटांची ठेवावी. रविवारी शहरात बोलावू नये, कारण गावच्या उपासनेत पेटी वाजवणारा किंवा शास्त्रपाठ वाचणारा बहुधा यांच्यातलाच एक असतो आणि तो इकडे आला की तिकडे पाळकांची अडचण होते. डबा खाण्याची वेळ पस्तीस मिनिटांतच धरावी. सकाळी सहाला घर सोडलेल्या मुलाला उपाशीपोटी वचन ऐकवण्यात अर्थ नाही.

वक्ता निवडताना सावध राहावे. 1831 साली नगरला आलेल्या अमेरिकन मराठी मिशनपासून सुरुवात करणारा वक्ता वर्तमानकाळात पोहोचेपर्यंत घंटा होते. त्याऐवजी तिसऱ्या वर्षाच्या एखाद्या विद्यार्थिनीला तिची कागदपत्रांची पिशवी घेऊन बोलवावे. घरातून पहिल्यांदाच महाविद्यालयात आलेल्यांचा खरा घोळ तिथे असतो. 1950 च्या राष्ट्रपतींच्या आदेशामुळे दलित ख्रिस्ती अनुसूचित जातींत धरले जात नाहीत, महाराष्ट्रात ते इतर मागासवर्गात येतात; त्यामुळे अनुसूचित जातीतल्या शेजारच्या मुलाने जोडलेलेच दाखले आपणही जोडले की महाडीबीटी या सरकारी संकेतस्थळावरचा शिष्यवृत्तीचा अर्ज अडकतो. जातीचा दाखला, उत्पन्नाचा दाखला आणि नॉन-क्रीमीलेअर यांपैकी काय कुठे लागते, हे सांगणारे घरी कोणी नसते. प्रार्थनेआधी दहा मिनिटे यासाठी द्यावीत आणि ‘हा काय अध्यात्माचा विषय आहे का’ म्हणणाऱ्या ज्येष्ठांना तहसील कचेरीच्या रांगेत उभे करावे.

गाड्यांच्या वेळांचा कागद बैठक चालवणाऱ्याच्या समोर चिकटवावा, खिशात ठेवू नये. माझ्या खिशात त्या दिवशी गीतांची यादी होती. कधी दुपारनंतर बैठक घ्यावीच लागली, तर सर्वांत लवकरच्या शेवटच्या गाडीआधी तासभर ती संपवावी, मग कोणाची साक्ष अर्धी राहिली तरी चालेल.

बाकी किरकोळ: गीतांच्या प्रती, पिण्याचे पाणी, घरच्यांचे फोन नंबर, किल्ली शिपायाकडे. आणि सणासुदीला वेळा बदलतात, म्हणून दिवाळीच्या सुट्टीनंतर तो कागद घेऊन पुन्हा स्थानकावर जावे.