प्लेटलेट घसरल्या? आधी ट्यूब बघा

पावसाळ्यात ब्लड बँकेत प्लेटलेटसाठी जी धावपळ होते, तिचं मूळ कधीकधी डेंग्यूच्या डासात नसून रक्त काढणाऱ्याच्या घाईत असतं. सीबीसीचं, म्हणजे रक्तपेशी मोजण्याच्या तपासणीचं, रक्त जांभळ्या टोपणाच्या ट्यूबमध्ये घेतात. त्यातलं ईडीटीए हे रसायन रक्तातलं कॅल्शियम धरून ठेवतं, म्हणून रक्त गोठत नाही. पण त्यासाठी ट्यूब हलक्या हाताने आठ-दहा वेळा उलटसुलट करावी लागते. नवी पोरं ट्यूब बॅगेत टाकतात आणि फास्ट लोकल पकडायला पळतात. मग आत बारीक गुठळी धरते, प्लेटलेट तिच्यात अडकतात आणि मशीन उरलेल्याच मोजतं.

मागे ऑगस्टमध्ये लालबागहून एक मुलगा रात्री धापा टाकत आला. वडिलांचा प्लेटलेटचा रिपोर्ट १४ हजार! सोसायटीच्या ग्रुपवर आवाहन फिरलेलं, चार मित्र रक्त द्यायला सोबत. ‘काका कसे आहेत?’ विचारलं, तर म्हणे ताप उतरलाय, घरी बसून भांडतायत. अंगावर पुरळ नाही, हिरड्यांतून रक्त नाही. म्हटलं, ‘दादा, प्लेटलेटची पिशवी राहू दे, आधी डॉक्टरांना विचारून पुन्हा रक्त काढू.’ नवा आकडा दीड लाखाच्या वर, म्हणजे नॉर्मल. जुनी ट्यूब मागवून आत काडी फिरवली, तर गुठळी काडीला लटकून वर आली.

कधी गुठळी नसतानाही ईडीटीएमुळेच प्लेटलेट एकमेकींना चिकटतात. तेव्हा निळ्या टोपणाच्या सायट्रेट ट्यूबमध्ये पुन्हा नमुना घ्यावा. माझी सवय सांगतो: कमी आकडा आला की स्लाइड सूक्ष्मदर्शकाखाली बघितल्याशिवाय रिपोर्ट सोडत नाही, मग दारात कोणी कितीही ओरडो.

प्लेटलेट न्यायला बर्फ आणू नका. लाल पेशी २ ते ६ अंशांत महिनाभर टिकतात. प्लेटलेटना मात्र २० ते २४ अंश लागतात, तेही सतत हलत्या ट्रेवर, आणि पाचच दिवस.

पपईच्या पानांच्या रसाबद्दल काय बोलावं! डेंग्यूत ताप उतरल्यावर काही दिवसांनी प्लेटलेट आपोआप चढतात, श्रेय रसाला मिळतं. खरा धोका प्लाझ्मा रक्तवाहिन्यांतून बाहेर झिरपण्याचा. त्याने रक्त दाट होतं, म्हणून डॉक्टर हिमॅटोक्रिटवर, म्हणजे रक्तातल्या लाल पेशींच्या प्रमाणावर, नजर ठेवतात.

लोहाच्या गोळ्या आठ दिवस घेऊन ‘हिमोग्लोबिन हललं नाही’ म्हणणारेही भेटतात. अहो, अस्थिमज्जेत लाल पेशी घडायलाच आठवडा जातो! धीर धरा, आणि गोळीवर लगेच चहा नको. पेशी लहान पण संख्येने भरपूर दिसल्या, तर लोह ढकलत बसण्याआधी थॅलेसेमिया मायनर या आनुवंशिक दोषाची तपासणी करा.

आता लॅबमधल्या ट्रेनींसाठी. रक्तगट बघताना सीरम ग्रुपिंग, म्हणजे रुग्णाच्या सीरममध्ये (रक्तातल्या पेशी नसलेल्या द्रवात) ओळखीच्या गटांच्या पेशी टाकून बघणं, गाळू नका. १९५२ साली डॉ. वाय. एम. भेंडे आणि सहकाऱ्यांनी आपल्या मुंबईतच बॉम्बे ब्लड ग्रुप हा दुर्मिळ रक्तगट नोंदवला. या गटाच्या माणसाच्या पेशी ए आणि बी गट ओळखणाऱ्या अँटी-ए आणि अँटी-बी दोन्ही द्रावणांना दाद देत नाहीत, म्हणून घाईत ‘ओ’ लिहिलं जातं. पण ‘ओ’ पेशींवरही असणारं एच अँटिजन हे ओळखचिन्हच त्याच्या पेशींवर नसतं आणि सीरममध्ये त्याच्याविरुद्धचं अँटी-एच असतं. ‘ओ’ रक्त चढवलं तर दिलेल्या पेशी फुटतात. सीरममध्ये ओ पेशी टाकल्या की हे लगेच उघड होतं. पाच मिनिटं वाचवायला ही पायरी गाळणारा माझ्या टेबलाजवळ उभा राहिलेला मला चालत नाही.