पंप, रेडिएटर आणि पंख्यांची तांत्रिक माहिती एटिम वर्गीकरणात कशी भरावी

युरोपातील घाऊक विक्रेत्याला हीटिंग किंवा व्हेंटिलेशनचा माल विकायचा, तर मालाबरोबर त्याची तांत्रिक माहितीही ठरावीक साच्यात द्यावी लागते. नेदरलँड्स, बेल्जियम, जर्मनी या देशांतील बांधकाम-साहित्याच्या व्यापारात त्यासाठी ‘एटिम’ हे वर्गीकरण सर्रास वापरले जाते. ते मुळात विद्युत साहित्यासाठी सुरू झाले आणि पुढे हीटिंग, व्हेंटिलेशन व प्लंबिंगपर्यंत विस्तारले. महाराष्ट्रातून निर्यात करणाऱ्या उत्पादकाकडे अशी मागणी आली की पुष्कळदा एचएसएन क्रमांक (जकात व जीएसटीसाठी मालाला दिलेला सांकेतांक) पुढे केला जातो, पण त्याचा येथे उपयोग होत नाही. छताचा पंखा, डक्टमधला सेंट्रिफ्युगल पंखा आणि हवेचा कॉम्प्रेसर हे तिन्ही ८४१४ या एकाच शीर्षकाखाली येतात. जकात आकारणाऱ्याला तेवढे पुरते, पंखा निवडणाऱ्या अभियंत्याला पुरत नाही.

एटिमची रचना आटोपशीर आहे. प्रत्येक उत्पादन एका वर्गात बसते, त्या वर्गाला ‘ईसी’ या अक्षरांनी सुरू होणारा सहा अंकी सांकेतांक असतो आणि वर्गाचे गुणधर्म, त्यांची मूल्ये व एकके यांनाही आपापले सांकेतांक असतात. त्यामुळे पुण्यात भरलेली माहिती रॉटरडॅममधला विक्रेता आपल्या भाषेत वाचू शकतो. गुणधर्म चार प्रकारचे असतात: यादीतून निवडायचे, एका संख्येचे, किमान-कमाल मर्यादेचे आणि होय-नाही स्वरूपाचे. मोकळा मजकूर लिहायला जागा नसते, आणि ते बरेच आहे.

वर्ग निवडताना उत्पादनाचे व्यापारी नाव बाजूला ठेवून त्याचे काम काय आहे, हे पाहावे. शोधासाठी प्रत्येक वर्गाला समानार्थी शब्द जोडलेले असतात, परंतु नाव जुळले म्हणून वर्ग पक्का करू नये. त्या वर्गाची गुणधर्मांची यादी उघडावी आणि त्यातले बहुतांश गुणधर्म आपल्या मालाला लागू पडतात का, हे तपासावे. गरम पाण्याच्या सर्क्युलेशन पंपापुढे विहिरीची खोली विचारणारी यादी आली, तर वर्ग चुकला आहे हे उघड आहे.

खरे कष्ट मूल्ये भरताना पडतात. माहिती कॅटलॉगमधून न उतरवता चाचणी-अहवालातून घ्यावी, कारण कॅटलॉगमध्ये आकडा असतो, पण तो कोणत्या परिस्थितीतला हे अनेकदा नसते. स्टीलच्या पॅनेल रेडिएटरचेच पाहा. ईएन ४४२ या मानकानुसार त्याची उष्णताक्षमता ७५/६५/२० या तापमानांवर सांगतात: पाणी ७५ अंशांना आत येते, ६५ अंशांना बाहेर जाते आणि खोली २० अंशांवर असते, म्हणजे पाण्याचे सरासरी तापमान खोलीपेक्षा ५० अंशांनी जास्त. हीट पंपावर ५५/४५ अंशांचे पाणी फिरवले की हा फरक ३० अंशांवर येतो आणि उष्णताक्षमता या फरकाच्या १.३ या घाताने बदलते, हा पॅनेल रेडिएटरचा नेहमीचा घातांक धरल्यास १,००० वॅटचा रेडिएटर जेमतेम ५१५ वॅट देतो. दोन्ही आकडे आपापल्या जागी बरोबर आहेत; एक दुसऱ्याच्या रकान्यात गेला की डिझायनर निम्म्या क्षमतेचे किंवा दुप्पट आकाराचे रेडिएटर मागवून बसतो. म्हणून गुणधर्माच्या नावात परिस्थिती नमूद असेल तर आकडा तिच्याशीच जुळवावा.

एककांचे रूपांतर हाताने करू नये, एक्सेलमध्ये सूत्र बसवून ठेवावे. आपल्याकडे हवेचा प्रवाह सीएफएममध्ये (घनफूट प्रति मिनिट) आणि कूलिंग टनमध्ये बोलायची सवय आहे. १ सीएफएम म्हणजे सुमारे १.७ घनमीटर प्रति तास आणि १ टन म्हणजे ३.५२ किलोवॅट. पंपाचा हेड, म्हणजे तो पाणी किती उंच चढवू शकतो ते, मीटरमध्ये असतो, पण रकाना किलोपास्कल मागत असेल तर १ मीटरला ९.८१ धरावे. व्हॉल्व्हमधून किती प्रवाह जातो हे सांगणारे सीव्ही मूल्य (अमेरिकी एककांतले) ०.८६५ ने गुणल्यावर केव्ही (मेट्रिक एककांतले) मिळते. एअर फिल्टरबाबत मात्र गुणाकार चालत नाही: जुन्या ईएन ७७९ मधील ‘एफ७’ आणि २०१६च्या आयएसओ १६८९० मधील ‘ईपीएम१’ हे फिल्टरच्या गाळण्याच्या क्षमतेचे वर्ग वेगवेगळ्या चाचण्यांतून ठरतात, तेव्हा नव्या मानकाचा अहवाल हाती नसेल तर तो रकाना रिकामाच ठेवावा.

रिकामा रकाना, शून्य आणि ‘नाही’ या तीन वेगळ्या गोष्टी आहेत. माहीत नसलेल्या ठिकाणी शून्य टाकले तर विक्रेत्याच्या संकेतस्थळावर शून्य वॅटचा पंप दिसतो, आणि तपासल्याशिवाय ‘नाही’ लिहिले तर तो उत्पादकाचा दावा ठरतो.

शेवटी प्रत्येक प्रकाराला स्वतंत्र जीटीआयएन क्रमांक (बारकोडमागचा जागतिक उत्पादन क्रमांक) द्यावा. ६०० मिलिमीटर आणि ९०० मिलिमीटर उंचीचे रेडिएटर एका क्रमांकाखाली ढकलू नयेत. फाइल सहसा बीएमईकॅट या, उत्पादनांची कॅटलॉग-माहिती पाठवण्याच्या एक्सएमएल स्वरूपात मागितली जाते. तिच्यात एटिमची कोणती आवृत्ती वापरली हे लिहिणे आवश्यक आहे, कारण आवृत्तीगणिक वर्गांतले गुणधर्म बदलतात, आणि खरेदीदार ९.० वर असताना १०.० ची फाइल गेली तर त्याच्याकडे नसलेले वर्ग व गुणधर्म गळून पडतात. त्यामुळे आवृत्ती आधी विचारून घ्यावी आणि पूर्ण कॅटलॉग पाठवण्यापूर्वी प्रत्येक वर्गातले एकेक उत्पादन घेऊन नमुना फाइल पाठवून तपासून घ्यावी.