बालसुरक्षेचं प्रशिक्षण: शाळेत कसं घ्यायचं

हर्णै-दापोलीकडच्या शाळांत मी हे प्रशिक्षण घेते. माझी अट एकच, नुसते गुरुजी-बाई नकोत. शिपाई, पोषण आहार शिजवणाऱ्या ताई, मुलांना आणणारे रिक्षावाले, सगळ्यांना बसवा. वर्गात गप्प बसणारं पोर पुष्कळदा भात वाढणाऱ्या ताईंपाशी बोलतं.

कायद्याला पंधरा मिनिटं पुरतात. पोक्सो, 2012, म्हणजे मुलांवरच्या लैंगिक अत्याचाराविरुद्धचा कायदा. अठराच्या आतलं कुठलंही मूल, मुलगाही. लैंगिक अत्याचार झाल्याचं कळलं किंवा होईल अशी भीती वाटली, की पोलिसांना कळवायचंच. नाही कळवलं तर 6 महिन्यांपर्यंत कैद, दंड किंवा दोन्ही. हाताखालच्या माणसाचं कृत्य संस्थाप्रमुखाने दडपलं तर वर्षापर्यंत कैद आणि दंडही. (इथे मुख्याध्यापक जरा सरसावून बसतात.) सद्भावनेने कळवणाऱ्यावर मात्र कारवाई होत नाही. सखी सावित्री समितीच्या (मुलांच्या सुरक्षिततेसाठीची शाळेतली समिती) बैठकीची वाट बघू नका.

उरलेला सगळा वेळ सरावाला द्या. एकाने मूल व्हायचं, दुसऱ्याने ऐकायचं. "कोणाला सांगणार नाही" असं वचन द्यायचं नाही. "काकांनी हात लावला काय?" असं विचारलं की शब्द आपले होतात, "मग काय झालं?" एवढंच पुरे. खुणा बघायला कपडे काढायला लावायचे नाहीत, फोटो तर नाहीच. मूल जे बोललं ते त्याच्याच बोलीत, तारीख-वेळ घालून लगेच लिहा. भाषा शुद्ध करू नका! खरंखोटं ठरवणं पोलिसांचं काम. संशयिताला बोलावून जाब विचारला, तर तो आधी पोराचंच तोंड बंद करील.

दुसरा सराव गावकीचा. बाप खलाशी, बोटीवर, किंवा मुंबईला. शाळेत येतात आजी आणि वाडीतले चार जाणते: "पोरीचं नाव जाईल बाई, गावात मिटवूया." उत्तर मी पाठच करून घेते: "मिटवायचा अधिकार मला नाही. मी कळवलंय." कळवलंय, कळवणार नव्हे; म्हणून फोन आधी. 112 किंवा जवळचं ठाणं. मदतीला 1098, मुलांसाठीची हेल्पलाइन, चोवीस तास.

आजीला एवढं सांगा: जबाब घरी किंवा पोरीला सोयीच्या जागी होतो, पोलीस गणवेशात नसतात, शक्यतो महिला उपनिरीक्षक येतात, पोरीला रात्री ठाण्यात ठेवता येत नाही. तिचं नाव मात्र स्टाफच्या व्हॉट्सॲप ग्रुपवरही जाता कामा नये.

जूनमध्ये शाळा उघडली की हे घ्या. मध्येच स्वयंपाकाच्या ताई बदलल्या तर नव्या ताईंना अर्धा तास वेगळा द्या, आणि 1098 चा कागद ऑफिसाइतकाच स्वयंपाकखोलीतही लावा.