दहा लाखांच्या आसपासची छोटी एसयूव्ही कशी तपासून घ्याल?

दसरा-पाडवा जवळ आला की ओळखीच्यांकडून मला ब्रोशरच्या पीडीएफ येऊ लागतात. सोबत एकच प्रश्न : 'टाटाची नेक्सॉन घेऊ की ह्युंदाईची व्हेन्यू?' मी काही मेकॅनिक नाही. नातेवाईक आणि शेजाऱ्यांबरोबर शोरूमच्या पायऱ्या झिजवून जे कळलं, तेवढंच माझं ज्ञान. त्यातून एक गोष्ट मात्र पक्की झाली. शोरूममध्ये गाडी एकट्यानं बघायची नाही. टेप घ्या, घरातली माणसं घ्या आणि मग निघा.

निघण्याआधी एक कागद

कागदावर आपला नेहमीचा आठवडा मांडा. रोज किती किलोमीटर, गाडीत किती माणसं, गाडी कुठे उभी राहणार, गावाला किती वेळा जाणं होतं. 'गणपतीला कोकणात जातो ना' म्हणून लोक डिझेल घेतात आणि उरलेले ३६० दिवस ती गाडी घर ते शाळा, शाळा ते मंडई एवढीच फिरते. आजच्या डिझेल गाड्यांत धुरातली काजळी पकडणारा फिल्टर असतो. ती काजळी जळून जायला गाडी अधूनमधून हायवेवर सलग पळावी लागते. नुसत्या दोन-तीन किलोमीटरच्या फेऱ्या मारल्या की फिल्टर तुंबतो, डॅशबोर्डवर दिवा लागतो आणि सर्व्हिस सेंटरच्या चकरा सुरू होतात. रोज पन्नास-साठ किलोमीटर हायवे असेल तर डिझेल जरूर बघा. शहरातलं रनिंग भरपूर आणि पंप वाटेवर असेल तर सीएनजी. त्यात डिकीची जागा कमी होते, पंपावरची रांग आपल्या वेळेतून जाते आणि दर तीन वर्षांनी सिलिंडरची चाचणी करून घ्यावी लागते. बाकीच्यांनी मुकाट पेट्रोल घ्यावं.

चार मीटरचं कोडं

नेक्सॉन ३९९५ मिलिमीटर, स्कोडाची कायलॅक ३९९५, महिंद्राची एक्सयूव्ही ३एक्सओ ३९९०. सगळ्यांची लांबी अशी काट्यावर येते ती करामुळे. लांबी चार मीटरच्या आत आणि इंजिन पेट्रोलचं असेल तर १२०० सीसीपर्यंत, डिझेलचं असेल तर १५०० सीसीपर्यंत, अशा गाडीवर २२ सप्टेंबर २०२५ पासून १८ टक्के जीएसटी आहे. ही चौकट ओलांडली की थेट ४० टक्के. मारुतीची ब्रेझा चार मीटरच्या आत बसते, पण तिचं पेट्रोल इंजिन १४६२ सीसीचं, म्हणून ती वरच्या करात जाते.

याचा ग्राहकाला उपयोग काय? एवढाच की लांबी सगळ्यांना सारखीच मिळालेली आहे. एका ठिकाणी जागा वाढवली तर दुसऱ्या ठिकाणी कापावी लागते. कायलॅकची डिकी ४४६ लिटरची, नेक्सॉनची ३८२ लिटरची. मग मागच्या सीटवर गुडघ्यांना कुणी किती जागा ठेवली, ते टेपनं मोजा. पुढची सीट तुमच्या उंचीला लावा आणि तिच्या मागे स्वतः बसून बघा. सेल्समन पुढची सीट आधीच सरकवून ठेवतो, हे लक्षात असू द्या.

(यातल्या बऱ्याच गाड्या महाराष्ट्रातच तयार होतात. नेक्सॉन रांजणगावला, कायलॅक चाकणला, ३एक्सओ नाशिकला, नवी व्हेन्यू तळेगावला. म्हणून पुणेकराला ती एक रुपयाही स्वस्त मिळत नाही, ते सोडा.)

दहा लाखांची रेघ

व्हेरिएंट ठरवताना लोक एक्स-शोरूम किंमत (आरटीओ कर आणि विमा धरण्याआधीची) बघतात आणि तिथेच चुकतात. महाराष्ट्रात पेट्रोल गाडीचा आरटीओ कर दहा लाखांपर्यंत ११ टक्के, त्यापुढे वीस लाखांपर्यंत १२ टक्के, आणि तो पूर्ण किमतीवर लागतो. डिझेलला हेच दर १३ आणि १४ टक्के. दहा लाखांच्या वर १ टक्का टीसीएस, म्हणजे विक्रेत्यानं विक्रीच्या वेळीच घेतलेला प्राप्तिकर, वेगळा. तो प्राप्तिकराच्या विवरणपत्रात वळता करून घेता येतो, पण त्या दिवशी खिशातून जातोच.

हिशेब करून बघा. ९ लाख ९० हजारांच्या पेट्रोल गाडीचा कर १,०८,९०० रुपये. १० लाख २० हजारांच्या गाडीचा १,२२,४०० रुपये, वर टीसीएस १०,२००. 'सनरूफसाठी फक्त तीस हजार जास्त, साहेब' असं जे म्हणतात, ते तीस हजार त्या दिवशी ५३,७०० होतात.

कोटेशन तोंडी घेऊ नका. प्रत्येक आकडा वेगळ्या ओळीत लिहून मागा. 'हँडलिंग', 'लॉजिस्टिक्स', 'बेसिक किट' अशा नावांच्या ओळी सरकारी नसतात. प्रत्येकीवर बोट ठेवून 'हे कशाचे?' एवढंच विचारा आणि गप्प बसा. विमा शोरूमकडूनच घेतला पाहिजे असं बंधन नाही. नव्या गाडीला तीन वर्षांचा थर्ड पार्टी विमा सक्तीचा आहे, पण तो कुणाकडून घ्यायचा हे तुम्ही ठरवा. बाहेरून एक कोटेशन आणून टेबलावर ठेवलं की शोरूमचा आकडा बहुतेक वेळा खाली येतो.

आईचे गुडघे

माझ्या आईला गाडीत बसताना आधी पाठ टेकायची, मग पाय आत घ्यायचे, अशी सवय आहे. गेल्या वर्षी एका गाडीच्या मागच्या दारातून ती तीन वेळा आत-बाहेर झाली. तिसऱ्यांदा उतरताना तिनं दाराच्या वरच्या कडेला हात धरला आणि म्हणाली, 'चढता येतं रे, उतरताना पाय जमिनीला लागत नाही.' साडी उंबऱ्याला घासून काळी झाली होती. त्या गाडीला दहा-बारा हजारांची सूट मिळत होती. आम्ही ती घेतली नाही.

ग्राउंड क्लिअरन्स (गाडीचा तळ जमिनीपासून किती वर) जास्त म्हणजे चांगला, एवढंच आपण ऐकलेलं असतं. नेक्सॉनचा २०८ मिलिमीटर, कायलॅकचा १८९. गावाकडच्या उंच गतिरोधकांवर तो कामाचा आहेच. पण सीटची उंचीही त्याच्याबरोबर वाढते का आणि उंबरा किती रुंद आहे, हे घरातल्या सर्वांत वयस्कर माणसाला बसवल्याशिवाय कळत नाही. लहान मूल असेल तर त्याची सीट सोबत न्या आणि लावून बघा. तीन मोठी माणसं मागे बसवून दार लावा. मधल्या माणसाला तीन बिंदूंचा पट्टा आहे का, डोकं टेकायला आधार आहे का? डिकीत घरची मोठी बॅग, आंब्याची पेटी असं काहीतरी खरं सामान ठेवा. डिकीचा उंबरा किती उंच, हे पेटी उचलल्यावरच कंबर सांगते. स्टेपनी पूर्ण आकाराची आहे, बारीक आहे की तिच्या जागी नुसतं पंक्चर किट आहे, तेही तिथेच बघून घ्या.

टेस्ट ड्राइव्ह : मागे बसा

शोरूमवाले नेतात तो रस्ता गुळगुळीत, सरळ आणि दोन किलोमीटरचा असतो. तुम्ही तुमचा रस्ता सांगा. कात्रजच्या बाजूला राहत असाल तर घाट, नाहीतर जवळचा उड्डाणपूल आणि एखादी खराब गल्ली. एसी चालू, माणसं भरलेली.

या वर्गातली बरीच पेट्रोल इंजिनं तीन सिलिंडरची आणि टर्बोची (जास्त ताकदीसाठी पंख्यानं हवा आत ढकलणारी) आहेत. सिग्नलला गाडी उभी असताना गिअरच्या दांड्यावर आणि स्टिअरिंगवर हात ठेवून थरथर बघा. मग चढावर एखाद्या गतिरोधकाशी वेग पार कमी करा आणि दुसऱ्या गिअरमध्येच ॲक्सिलरेटर दाबा. टर्बो जागा होईपर्यंत गाडी क्षणभर ढिम्म राहते. किती ढिम्म, हे पाच माणसं असतानाच कळतं. एकट्या सेल्समनबरोबर प्रत्येक गाडी पळते.

ऑटोमॅटिक घेत असाल तर गिअरबॉक्स कुठल्या प्रकारचा ते विचारा. एएमटी (साधाच गिअरबॉक्स, फक्त क्लच-गिअरचं काम यंत्र करतं) स्वस्त पडते, पण गिअर बदलताना मान पुढे-मागे होते. काहींना ते चालतं, काहींना तासाभरात मळमळतं. टॉर्क कन्व्हर्टर मऊ चालतो. डबल क्लचची गाडी मोकळ्या रस्त्यावर मजेची, पण रांगत्या ट्रॅफिकमध्ये तिचा क्लच तापतो. चढावर इंच-इंच सरकून बघा.

निम्मा वेळ मागे बसा, गाडी दुसऱ्याला चालवू द्या. वीसच्या आणि चाळीसच्या वेगात खड्ड्यावरून जाताना कंबर काय म्हणते ते ऐका. मायलेज टेस्ट ड्राइव्हमध्ये कळत नाही. ब्रोशरमधला आकडा प्रयोगशाळेत रोलरवर गाडी चालवून काढलेला असतो. मी त्यातून सरळ चौथा हिस्सा वजा करतो आणि क्वचितच चुकतो.

तारे कुणाचे?

गाड्या मुद्दाम धडकवून त्यांची सुरक्षा तपासणाऱ्या ग्लोबल एनकॅप या संस्थेचे पाच तारे डिसेंबर २०१८ मध्ये नेक्सॉनला मिळाले, भारतात बनलेल्या गाडीला पहिल्यांदाच. ऑक्टोबर २०२३ पासून आपली भारत एनकॅप आहे. समोरून ताशी ६४ किलोमीटरची, बाजूनं ५० किलोमीटरची धडक देऊन मोठ्यांना ३२ पैकी आणि मुलांना ४९ पैकी गुण देतात. ताऱ्यांवर थांबू नका, मुलांचे गुण वेगळे बघा. चाचणी नेमक्या कुठल्या व्हेरिएंटची झाली आणि तुम्ही घेताय त्यात तेवढ्याच एअरबॅग आहेत का, हे विचारा. सनरूफ आणि सहा एअरबॅग यांत निवड करायची वेळ आली तर विचार करायची गरज नाही.

सर्व्हिस सेंटर घरापासून किती लांब, हे नकाशावर पाहून घ्या. तिथे एकदा सकाळी नऊला जाऊन रांगेतल्या दोघांशी बोला.

नोंदणीच्या आधी

पाडव्याच्या दिवशी शोरूममध्ये लग्नघर असतं. हार, पेढे, फोटो, कुणालाच वेळ नसतो. माझ्या मावसभावानं तशाच गर्दीत गाडी घेतली आणि महिन्याभरानं टायर धुताना त्याच्या लक्षात आलं की टायर दहा महिने जुने आहेत. शोरूमचं उत्तर : 'साहेब, सही तुमचीच आहे.'

म्हणून नंबर पडण्याआधी, सणाच्या तीन-चार दिवस आधी, उजेडात शोरूमच्या यार्डात (नव्या गाड्या ठेवतात तिथे) जा. टायरच्या कडेला चार आकडे असतात. २२२५ म्हणजे २०२५ सालचा बाविसावा आठवडा. चेसिस नंबर सतरा अक्षरांचा, त्यात निर्मितीचा महिना-वर्ष दडलेलं असतं. कुठलं अक्षर ते कंपनीगणिक बदलतं, त्यांच्याकडूनच वाचून घ्या आणि तो नंबर कागदांशी ताडून बघा. ओडोमीटर, सगळ्या काचांवरचे नंबर, रंगातला फरक, एसी, चारही पॉवर विंडो, दुसरी चावी, जॅक. फोटो काढा. काही खटकलं तर गाडी बदलून मागायची वेळ हीच, कारण तुमच्या नावावर नोंदणी झाली की ती गाडी तुमची. हे सगळं झाल्यावर पाडव्याला सहकुटुंब जा, चाकाखाली लिंबू ठेवा आणि पेढे खा.