घरातील रोपांवरचे विषाणुजन्य रोग कसे ओळखावेत?
पान उजेडासमोर धरून पाहावे: फिकट आणि गडद हिरव्या रंगांचे वेडेवाकडे चट्टे, एकात एक वर्तुळे किंवा चुरगळलेली पालवी दिसली, तर विषाणूची शंका घ्यावी, अन्नद्रव्यांच्या कमतरतेतला पिवळेपणा सहसा शिरेच्या दोन्ही बाजूंना सारखा असतो, विषाणूमुळे आलेला मात्र कसाही पसरतो. यावर औषध नाही, त्यामुळे बुरशीनाशक फवारणे व्यर्थच. रोप ताबडतोब वेगळे ठेवावे, विषाणू पसरवणाऱ्या मावा आणि फुलकिडे या किडींचा बंदोबस्त करावा, आणि नव्या पानांवरही लक्षणे उमटत राहिल्यास, कितीही जीव जडला असला तरी, ते मुळांसकट पिशवीत बांधून टाकून द्यावे. ऑर्किडची छाटणी करताना प्रत्येक रोपानंतर कात्रीचे पाते ज्योतीवर तापवावे, कारण रस लागलेल्या पात्यावरूनही विषाणू पुढे जातो. तंबाखूतूनही विषाणू रोपांवर येऊ शकतो, म्हणून तंबाखू हाताळलेले हात तर आधी साबणाने धुवावेतच.