पहिला पावसाळा मेंटेनन्समध्येच काढा

फर्मागुडीच्या अभियांत्रिकी महाविद्यालयातून इलेक्ट्रिकलची पदवी घ्या, नाहीतर डिप्लोमा करून थेट दुसऱ्या वर्षाला प्रवेश मिळवा. गोव्यात इलेक्ट्रिकलवाल्यांची पहिली नोकरी बहुधा वेर्णा, कुंडईच्या कारखान्यांत किंवा हॉटेलांत लागते. वीज खात्याच्या परीक्षेची तयारी चालू ठेवाच. पण तोवर डिझाइनच्या टेबलापेक्षा मेंटेनन्सची शिफ्ट मिळत असेल तर तीच घ्या, आणि निदान एक पावसाळा तरी ती सोडू नका.

शनिवारी रात्री बंद केलेली गरम मोटर थंड होताना बाहेरची दमट हवा आत ओढते. वाइंडिंगला, म्हणजे आतल्या तारेच्या गुंडाळीला, ओल धरते आणि सोमवारी स्टार्ट दिला की अर्थ फॉल्ट: करंट मोटरच्या बॉडीतून जमिनीत जातो. म्हणून आधी मेगर, म्हणजे इन्सुलेशन मोजायचं यंत्र. सप्लाय बंद करून कुलूप लावा, तिन्ही फेजमध्ये वीज उरली नाही ना ते मल्टिमीटरने तपासा, व्हीएफडी (मोटरचा वेग बदलणारा ड्राइव्ह) असेल तर त्याच्या वायरी सोडवा. नाहीतर मेगरच्या व्होल्टेजने तोच जाईल. ४१५ व्होल्टच्या मोटरला ५०० व्होल्टचा मेगर, पूर्ण एक मिनिट. रीडिंग १ मेगओहमच्या खाली असेल तर मोटर चालवायचीच नाही. मात्र पॅनेलमधून घेतलेल्या रीडिंगवरून मोटर खराब ठरवू नका. टर्मिनल बॉक्सपाशी केबल सोडवून मोटर आणि केबल वेगवेगळ्या मोजा. पुष्कळदा पाणी ग्लँडमधून, म्हणजे केबल आत शिरते तिथल्या बुचातून, शिरलेलं असतं आणि दोष केबलचा निघतो. मोटरच्या आत ओल धरू न देणारा स्पेस हीटर असेल तर मोटर बंद असताना तो चालू हवा.

दुसरी नेहमीची चूक स्टार-डेल्टा स्टार्टरमधली, म्हणजे मोटर आधी स्टार जोडणीत सुरू करून मग डेल्टात नेणाऱ्या स्टार्टरमधली. जास्त करंट गेला की मोटर बंद करणारा ओव्हरलोड रिले वाइंडिंगच्या फेजमध्ये असेल, तर नेमप्लेटवरचा करंट जसाच्या तसा लावायचा नसतो, त्याच्या ०.५८ पट लावायचा. १० एचपीची मोटर साधारण १४ अँपिअर घेते, म्हणजे रिले ८ च्या आसपास. १४ वर ठेवला तर ट्रिप व्हायच्या आधी मोटर जळते. मुलाखतीला जाताना हा हिशेब कागदावर मांडून बघा.

अर्थिंगचं रीडिंग मे महिन्यात घ्या. जांभ्याच्या सड्यावर जुलैत आकडा छान कमी येतो, उन्हाळ्यात जमीन सुकली की तोच अर्थिंगचा खड्डा निकामी ठरतो. मिठाने रीडिंग उतरतं, पण जीआय (जस्ताचा मुलामा दिलेला लोखंडी) पाइप गंजतो, ओल धरून ठेवणारी बेंटोनाइट माती बरी. नवा खड्डा जुन्याला चिकटून नको: जमिनीत पुरलेल्या ३ मीटरच्या दोन इलेक्ट्रोडांत (पाइपांत) ६ मीटर अंतर ठेवा.