जंगलात पक्ष्यांचे फोटो काढायचेत? आधी झाड हेरा

पक्षी दिसला की त्याच्या मागे जायचं, तो उडाला की आणखी पुढे. नवशिक्याची सकाळ अशीच जाते आणि हाती लागते एखादी शेपटी आणि भरपूर पानं. सह्याद्रीतल्या रानात, मग ते कर्नाळा असो की सिंहगडाचा पायथा, पक्षी शोधण्यापेक्षा तो जिथे येणारच अशी जागा शोधा आणि तिथे बसून राहा.

सुरुवातीला फेब्रुवारी-मार्च धरा. काटेसावर, पांगारा आणि पळस तेव्हा फुललेले असतात आणि त्यांची पानं बहुतेक झडलेली असतात, त्यामुळे फांदीवरचा पक्षी लपत नाही. मधासाठी शिंजीर, बुलबुल, मैना, कोतवाल, भोरड्या सगळे तिथे हजेरी लावतात. पिकलेल्या उंबरावरही तांबट-हरियाल तुटून पडतात, पण ती गर्द पानं सुरुवातीला नकोतच. सकाळी ऊन आपल्या पाठीशी येईल असं उभं राहा. त्यातही उतारावरचं झाड मिळालं तर वरच्या अंगाला थांबा: शेंडा डोळ्यांच्या पातळीत येतो. खालून काढलेल्या फोटोत पोट आणि पांढरंफटक आभाळ यापलीकडे फारसं काही येत नाही.

एप्रिल-मेमध्ये ओढ्यात उरलेलं डबकं गाठा. स्वर्गीय नर्तक हा पक्षी फांदीवरून पाण्यात सूर मारतो, क्षणात वर येतो आणि पिसं साफ करत बसतो. तो सूर टिपण्याच्या नादी लागू नका. तो ज्या फांदीवर परततोय तिच्यावर आधीच फोकस करून ठेवा. कोतवालाचंही तसंच: किडा पकडायला झेप घेतो आणि बरेचदा त्याच काटकीवर येऊन बसतो.

कॅमेरा कुठला, यावर लोक फार वेळ घालवतात. ७०-३०० मिमीची झूम लेन्स शिकायला पुरे आहे; मोठी लेन्स नंतर बघू. सेटिंग मात्र घरूनच लावून निघा. मॅन्युअल मोड, अ‍ॅपर्चर, म्हणजे उजेड आत घेणारं लेन्सचं छिद्र, सगळ्यात मोठं (म्हणजे आकडा सगळ्यात लहान), बसलेल्या पक्ष्यासाठी शटर १/५०० सेकंद, उडत्यासाठी १/२००० आणि आयएसओ (कॅमेऱ्याची उजेडाला संवेदनशीलता) ऑटोवर. झाडाखाली उजेड कमी असतो, आयएसओ ३२०० किंवा ६४०० पर्यंत गेला तर जाऊ द्या. दाणेदार फोटो घरी सुधारता येतो, हललेला नाही. फोकसचा एकच बिंदू निवडा आणि तो डोळ्यावर ठेवा, नाहीतर कॅमेरा पुढची काडीच पकडतो. पक्ष्यामागे उजळ आभाळ असेल तर एक्स्पोजर कॉम्पेन्सेशन +१ करा, म्हणजे फोटो एक पायरी उजळ येतो.

आता बसायचं. कपडे मातकट किंवा हिरवे, मोबाइल सायलेंट, हालचाल सावकाश. अर्धा-पाऊण तास काहीच घडत नाही आणि मग अचानक सगळं झाड भरून जातं, कारण हिवाळ्यात रानातले लहान पक्षी अनेकदा मिश्र थव्याने फिरतात. अशा वेळी दहा पक्ष्यांकडे कॅमेरा फिरवलात तर एकही नीट येणार नाही. एक निवडा आणि त्याला धरून राहा. तो मान वळवून तुमच्याकडे बघेल तेव्हा तीन-चार फोटोंची छोटी झड घ्या.

दोन गोष्टी अजिबात करू नका. मोबाइलवर पक्ष्याचा आवाज वाजवून त्याला बोलावू नका. आपल्या हद्दीत दुसरा नर शिरला असं समजून तो खाणं-पिणं सोडून भांडायला येतो. आणि घरट्याजवळ जाऊ नका. घरटं दिसावं म्हणून बाजूची डहाळी कोणी मोडली की पिल्लं उन्हात आणि शिकरा या शिकारी पक्ष्याच्या नजरेत येतात. जूनमध्ये नवरंग पक्ष्याची शीळ ऐकून मोह होईलच, पण तो त्याच्या विणीचा काळ असतो. लांबून मिळेल तेवढं घ्या आणि निघा.

घरी आल्यावर प्रत्येक फोटो शंभर टक्के मोठा करून आधी डोळा बघा. तो धूसर असेल तर पिसारा कितीही देखणा असो, फोटो उडवा. अपवाद एकच: न ओळखलेला पक्षी. त्याचा वाईट फोटोही ठेवा, चोच आणि शेपटीवरून जाणकार नाव सांगू शकतात. अभयारण्यात जाणार असाल तर गेट किती वाजता उघडतं आणि कॅमेऱ्याचं वेगळं शुल्क आहे का, हे आदल्या दिवशीच विचारून घ्या.